पटावर

शाळा भरायला अजून अर्धा तास आहे.
बस्करपट्टीच्या टोकाला बसलेय,
जिथे रोज पहिलीची लेकरं बसतात.
इथून फळा केवढा उंच दिसतो,
अठरा वर्षांत पहिल्यांदा कळतंय.

धारूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गोळी चालूच ठेवा, पण रोज दहा मिनिटं
नुसतं बसा. काही करू नका.
मी म्हणाले, मॅडम, काही न करण्याचा
रकाना आमच्या कुठल्याच तक्त्यात नाही.
त्या हसल्या नाहीत.
गोळीच्याच कागदावर लिहिलं: श्वास, सकाळी, दहा मिनिटं,
आणि खाली सही केली.

म्हणून डोळे मिटले.
श्वास आत. श्वास बाहेर.
श्वास आत.
तांदूळ संपलेत. मटकीचं बिल.
आधार न जुळलेली लेकरं किती,
बारापर्यंत कळवायचंय.
घाटात स्कूटीचा मागचा टायर फुसफुसत होता.
श्वास.
हां, श्वास.

मन पळालं तर रागवायचं नाही,
हळूच धरून आणायचं, असंही सांगितलंय.
हे तरी मला जमायला हवं.
सीताफळाच्या झाडांतून, बारवेच्या पायऱ्यांवरून
किती लेकरं दफ्तरासकट धरून आणलीत.
फक्त हळूच नाही.

चौथ्या दिवशी कोंडाबाई
खिचडीचं पातेलं घासता घासता डोकावली.
"बाई, झोपायलाव का?"
नाही गं, श्वास बघायले.
"दिसायलाय का?"
मी खरं ते सांगितलं.
राखेचे हात तसेच धरून ती उभी राहिली,
मला ताप आल्यासारखी बघत.

नवव्या दिवशी जरा निवळलं.
उन्हानं पत्रा टणकन वाजला, तेवढंच.
मग श्वास. मग त्याच्यामागे दुसरा.
नावं घेतल्यासारखे एकेक यायला लागले,
हजर बाई, हजर बाई,
आणि एकोणिसाव्या नंबरला अडले.

सोनाक्षी बाबासाहेब जायभाये.
दिवाळी झाली, आईबापाचा कोयता निघाला,
तिच्या कडेवर धाकटा भाऊ,
ट्रॅक्टरमध्ये टोपल्याखालच्या कोंबड्यांशेजारी.
कर्नाटकात, कुठल्या कारखान्यावर, मी विचारलंही नाही.
जाताना ओरडली, बाई, माझी जागा ठिवा!
मी ठेवली.
रोज साडेदहाला, निळ्या पेनानं,
तिच्या नावापुढे हजेरीची रेघ.
पट वीसचा. एक कमी दिसला तर शाळेचं काय,
माझं काय, कोंडाबाईच्या पातेल्याचं काय.
सगळेच दाखवतात.
तीन महिने तिच्या वाटची खिचडी कागदावर शिजतेय.
आणि मी नाव पुकारलं की लेकरं
एक क्षण गप्प बसतात,
मोठ्या माणसांसारखी.

डोळे उघडावेत असं वाटलं.
उघडले नाहीत.
छातीत डाव्या अंगाला काहीतरी जड.
गोळीनं आकडा उतरतो,
हे उतरत नाही.
ह्याच्यापासूनच पळत होते मी,
तांदूळ, टायर, मटकी,
एकेका फांदीवर चढून बसत होते.
हळूच, म्हणाल्या होत्या त्या.
हळूच धरून आणलं,
शेजारी बसवलं.
बस्करपट्टीवर जागा होतीच.

फोन वाजला. दहा मिनिटं झाली.
लेकरं आली, चपलांचा ढीग झाला, प्रार्थना झाली.
अठरापर्यंत नावं घेतली.
एकोणीस.
तीच ती शांतता.
पेन टेकवलं नाही.
आधी विचारलं, सोनाक्षीच्या बापाचा
नंबर आहे का कुणाकडे?

कुणीच काही बोललं नाही.
मग मागून कोपऱ्यातून दिगू उठला,
शर्टाची गुंडी चावत:
"माझ्या मायच्या फोनात हाय, बाई.
पण आता लागत न्हाई. फडात रेंज नसती.
रात्री लावा, आठच्या पुढं.
तीच उचलती."