सोल बदलून मिळेल

झाशी राणी चौकात, मेट्रोच्या खांबाखाली
पत्र्याच्या पाटीवर बाबानं स्वतः रंगवलेलं:
सोल बदलून मिळेल.
दहावीपर्यंत मला वाटायचं
सोल हा शब्द आमच्या घरचाच,
रापी, आरी, सुलेशनच्या शेजारी राहणारा,
मराठी.

मग उत्पन्नाचा दाखला काढताना
तहसीलच्या खिडकीत, अर्जावर, तो पुन्हा भेटला,
टाय लावून आल्यासारखा:
घरातला सोल कमावता इसम कोण?
बाबाला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, "बराबर लिहिलं आहे ना. मीच त तो."

आता नर्सिंग झालं. रॉटरडॅमजवळच्या
म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमातून बोलावणं आलंय.
म्हणून संध्याकाळी धरमपेठेत, शिंप्याच्या दुकानावर,
घाटोळे सरांचा डचचा वर्ग:
सात जणी अन् एक कूलर.
सर अकरा वर्षं तिकडच्या बंदरात होते,
अजूनही ख म्हणताना घसा खरवडतात.

मी विचारलं, सर, सोल?
सर म्हणाले, कुठला?
बुटाचा असेल तर झोल.
(वर्ग हसला. नागपुरात झोल म्हणजे काय
ते सरांनाही ठाऊक. कूलरसुद्धा खदखदला.)
एकुलता, एकटा, असा असेल तर एनिख.
अन् तोच एनिख कुणी नवा पडदा पाहून म्हणालं
तर अर्थ होतो, काय सुंदर!
आणि मासा असेल तर तोंग.

मासा?
समुद्रातला, चपटा,
दोन्ही डोळे एकाच अंगाला.
आम्ही गोसीखुर्दची रोहू खाणारी माणसं,
आमच्या माशाला डोळे दोन्हीकडे.
सर फळ्यावर लिहीत होते,
तोंगचा दुसरा अर्थ: जीभ.
तोंड म्हणता म्हणता कुणी अडखळावं
तसा शब्द.

बर्डीच्या उतारावर पायडल न मारता
मी त्या माशाचाच विचार करत होते.
इंग्रजानं पाहिला, त्याला तळवा दिसला.
डचानं पाहिला, त्याला जीभ दिसली.
मासा तोच, वाळूत पडलेला,
त्याला कुणी विचारलं नाही.

रात्री बाबाला सगळं सांगितलं.
"दोन्ही एकाच बुटात असते पोरी.
खाली सोल, वर जीभ. मंधात पाय."
मग भाकर मोडता मोडता थांबला.
"तीस वर्ष झाले. जीभ बदलाले कोणी नाही आलं.
झिजते तो सोलच.
अन् पाय, तू चालली जीभ बदलाले."

रागावला होता की नाही, कळलं नाही.
मला आठवला तो काच खाली करून
गाडीतूनच बूट टाकणारा माणूस,
बुटाच्या आधी 'ए' टाकणारा.
तो 'ए' कुठल्या भाषेत काय होतो
हे मी सरांना विचारलेलं नाही.

परीक्षा मंगळवारी. प्रत्येक अर्थाचं एक वाक्य.
माशाचं जमलं.
एनिखचंही: मी बाबाची एनिख मुलगी आहे.
(एकटी की सुंदर, परीक्षकानं ठरवावं.)
झोलचं राहिलंय.

आज सकाळी डबा द्यायला गेले
तर बाबा माझाच बूट घेऊन बसलेला,
संडे मार्केटमधून आणलेला, तिकडच्या थंडीसाठी,
लोखंडी पायावर उपडा घातलेला.
म्हटलं, बाबा, सोलचं एक वाक्य सांग ना.
त्याच्या ओठांत पाच-सहा खिळे.
खिळे असले की तो बोलत नाही.
जिभेनं एक खिळा पुढे सरकवला,
टोक कुठल्या बाजूला ते न पाहता,
आणि ठोकला.