ळ

तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून
भोपाळ जोडलं, खंडवा जोडलं, अर्जंट, ऑर्डिनरी,
आणि हजेरीपटावर मी मात्र शेवटपर्यंत ‘पिंगले मॅडम’.
ळ या शहरात फारसा कधी टिकला नाही.
रामबागेत घरात बोलायचा,
फाटकाबाहेर पडला की हिंदीच्या चपला घालायचा.

काचबिंदूनं आधी उजवा नेला, मग डावा.
भाच्यानं कॉम्प्युटरात एक फुकटचा आवाज बसवून दिला.
फुकट म्हणजे चोरीचा नव्हे हं मावशी, म्हणाला,
ज्यांनी केला त्यांनी दाराला कुलूपच घातलं नाही.
आवाज पुरुषाचा. सर्दी झालेला.
पहिल्याच दिवशी त्यानं डॉक्टरांचा कागद वाचला:
“आपले डोले तपासले. दोन्ही डोले निकामी.”
मला हसू फुटलं.
डोलतात कसले बाबा, थिजलेत ते.

मग रोजचंच झालं.
वेळ म्हणायचा तर वेल,
काळ म्हणायचा तर काल.
पुण्याहून पुतणीनं कळवलं, बाळ झालं.
हा म्हणाला, बाल झालं.
इंदुरात त्याचा अर्थ, एक केस जन्माला आला.

शनिवारी खजूरी बाजारात तौसीफकडे गेले.
खाली बाइंडिंगचं दुकान, जिन्यात खळीचा वास,
वर जन्मापासून न पाहिलेला हा पोरगा
चार जुन्या मशिनींवर आमच्यासारख्यांना शिकवतो.
त्यानं फाइल उघडली. आत नुसते नियम,
हे अक्षर आलं तर असं बोल, ते आलं तर तसं.
ळच्या पुढे कुणीतरी, कधीतरी, घाईत
ल लिहून निघून गेलेलं.

“आंटी, फर्क क्या है?”
म्हटलं, जीभ मागे वळव, टाळूला टेकव, आणि सोड.
छे, तो ड झाला. पुन्हा.
पंख्याखाली अर्धा तास
आम्ही दोघं आंधळे ळ ळ ळ करत बसलो.
बाइंडर जिना चढून बघून गेला,
कोई नया मंतर है क्या.
सव्वापाचला त्या पोराच्या तोंडात
पडला एकदाचा,
टपकन, जांभळासारखा.
जांभळातही आहे बघ, मी म्हटलं.

एक ओळ बदलली. एकच.
जिथून आवाज आला होता तिथे ती परत धाडली.
चार दिवसांनी कुठल्याशा थंड देशातून
कुणी विचारलं, तपासायला शब्द द्या.
ळ जन्मात ऐकला नसेल त्या माणसानं.
मी सांगत गेले, तौसीफ टाइप करत गेला:
डोळे. वेळ. नळ. कंटाळा. पिंगळे.
शेवटच्याची गरज नव्हती. तो स्वार्थ.

पुढच्या महिन्यात नवा आवाज उतरवून घेतला,
तोच, सर्दीवाला.
मुद्दाम डॉक्टरांचा कागद लावला त्याला.
“आपले डोळे तपासले,” तो म्हणाला,
“दोन्ही डोळे निकामी.”
इतकं चोख म्हणाला की पोटात खड्डा पडला.
चुकत होता तोवर
ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे.

जग राहिलंय अजून.
आपण राहतो ते जग आणि पाण्याचा जग,
लिहायला एकच. हा दोन्ही प्लॅस्टिकचेच करतो.
तौसीफ म्हणतो, याला नियम नाही आंटी,
शब्द एक, आवाज दोन,
मशीनला कसं कळावं कुठला ते.
नोंद करून ठेवलीय. उघडीच आहे.
बघेल कुणीतरी.

आज पाण्याचा वार. साडेसहाला नर्मदा येते.
नळ आधी सुस्कारतो, मग खोकतो.
मी भिंत धरून उठते,
मागे तो पेपर वाचतच असतो:
“जग कोरडे पडत आहे.”

थांब रे,
भरते आधी.