डाव्या कोपराचं लाल

सेल्बीचा स्वेटर मी जूनमध्ये उसवला,
हिमनग खाडीच्या तोंडाशी येऊन अडकला होता त्या आठवड्यात.
अकरा वर्षं ट्रंकेत पडून होता (स्वेटर, हिमनग नव्हे)
आणि सेल्बी तिकडे अल्बर्टात, तेलाच्या खाणीवर.
नाताळला फोन, ईस्टरला फोन,
मधल्या काळात एकमेकांचं हवामान तेवढं कळायचं,
तेही टीव्हीवरून.

मीच विणला होता तो,
कॉडची मासेमारी बंद झाली त्या हिवाळ्यात.

उसवायला गळ्यापासून घ्यायचं.
शेवटची गाठ सापडायला हवी;
ती सापडेपर्यंत चष्मा, दोन-चार शिव्या, गार झालेला चहा.
मग एकदा ओढलं की सगळं ऐकतं.
पण लोकर सरळ येत नाही. शेवयांसारखी येते,
जिथे जिथे टाका होता तिथे तिथे वाकलेली.
कोमट पाण्यात बुडवून लड दोरीवर टांगायची,
खाली वजन. मी वाटाण्याचा डबा बांधते.
दोन दिवस खारा वारा.
तरी थोडं वळण राहतंच. राहू द्यावं.

एका जागी लाल निघालं.
डावा कोपर. गळ अडकून फाटला होता,
घरात राखाडी संपलेली,
मी लालनं भरून काढला,
आणि तो आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.
ते लाल मी टाकलं नाही.
राखाडीलाच गाठ मारली.

मग वेल्मा पार्डीच्या किटलीला टोपडं झालं.
जोलीनच्या बाळाला मोजे, अंगठ्याएवढे.
रेव्हरंडांच्या चष्म्याला पिशवी, त्यांनी न मागता.
धक्क्यावरच्या एझ्राला मनगटपट्ट्या,
आणि सुया टोचायची एक उशी, आत लाकडाचा भुसा.
विकत नाही मी. कुणी पाकीट काढलं की राग येतो.
हातांना सवय आहे, आणि हिवाळा इथे सात महिने.

सप्टेंबरात फोन आला. ना नाताळ, ना ईस्टर.
"येतोय. आणि माझा तो राखाडी आहे ना गं अजून?"
म्हटलं, "आहे."
खोटं नव्हतं.
गावभर होता.

वेल्माकडे गेले, टोपडं परत दे म्हणून.
"दिलेलं परत?" ती म्हणाली,
"माझ्या किटलीला थंडी वाजेल."
आणि दार लावून घेतलं, हळूच, पण लावलं.

सेल्बी आला. केस गेलेले, पोट आलेलं.
गावात आला म्हणजे पहिला चहा वेल्माकडेच.
त्यानं किटली दोन्ही हातांत धरली
आणि ओतायचं विसरला.
"डावा कोपर," म्हणाला.
वेल्मानं माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे.
मग त्यानं साखर मागितली.

संध्याकाळपर्यंत गाव फिरून आला.
जोलीनच्या बाळाचा पाय तळहातावर घेऊन म्हणे, "ही कॉलर."
एझ्राशी हात मिळवला तो सोडेचना.
रात्री माझ्या स्वयंपाकघरात, बूट न काढता, विचारलं,
"आणि पाठ? पाठ कुठे गेली माझी?"

पाठ पलंगाखाली होती.
तीन लडी, अजून वळणं न मोडलेल्या.
म्हटलं, "हात पुढे कर."
त्यानं केले, लहानपणी करायचा तसे, तळवे समोरासमोर.
मी लड चढवली आणि गुंडा करायला बसले.

हातात लड असली की माणसाला
उठून जाता येत नाही,
सिगारेट पेटवता येत नाही,
घड्याळ बघता येत नाही.
पहिल्या लडीला तो गप्प होता.
दुसरीच्या मध्यावर म्हणाला,
"तिकडे ना, एक हिवाळा फार वाईट गेला."

मी सावकाश गुंडाळत राहिले.
एकदा तर नसलेला गुंता सोडवला.