धक्का

शस्त्रागाराच्या खिडकीत फळीवर
चार स्प्रिंगा मापाला उभ्या आहेत.
एक नवी. तिघी कमी-अधिक थकलेल्या.
होडेकर हवालदार त्यांच्या माथ्यांवरून बोट फिरवतात,
माझी आई मांदेलीच्या वाट्यांवरून फिरवायची तसं.
"लांबीवर जाऊ नको, बाय. दाबून बघ.
मग सोड. सोडताना काय म्हणते ते ऐक."

मी ऐकते.
भाट्याच्या खाडीवरून आलेला वारा
जाळीतून आत शिरून लोखंडावर बसतो.
आज तेल पुसलं की परवा तांबूस.
घाटावरून बदलून आलेल्या पोरांना
हे सांगून पटत नाही, बोटाला लागलं की पटतं.

काल रेंजवर एक्केचाळीस नंबरची एसएलआर
रिकामं काडतूस बाहेर टाकेना.
अर्ध्यातच दातांत धरून बसली,
आणि साहेब माझ्याकडे बघत बसले.

मोडीतल्या बंदुकांच्या पेटीत पाच स्लाइड.
दिसायला सख्ख्या बहिणी.
तराजू कोपऱ्यात आहे, पण होडेकर म्हणतात, हातावर घे.
हलकी असेल तर घाईने मागे पळते,
काडतूस अजून फुगून नळीला चिकटलेलं
आणि ही ओढायला हजर.
जड असेल तर वाटेत दमते,
परत येताना पुढचं उचलायचं विसरते.
"मग तू म्हणशील, गॅस वाढवू.
वाढव. खांदा सुजेल.
मग म्हणशील, स्प्रिंग कडक घालू.
घाल. कुठलीतरी खीळ तुटेल.
घरात एकट्या माणसाला बदलून भागत नाही, बाय."

त्यांचे आजोबा मचवे बांधायचे.
म्हणून असेल, लोखंडाचं बोलता बोलता
ते पाण्यावर जातात.
"आपल्याकडे धक्के दोन.
एक खांद्याला बसतो.
दुसरा मिरकरवाड्याला, तिथे होड्या लागतात.
टायर दोन्हीकडे पाहिजे.
फार मऊ नको, होडी रुतते.
फार टणक नको, फळी फुटते."

त्याच आठवड्यात गस्तीच्या बोटीवरचा
शिपाई हरेश्वर तांडेल
काळबादेवीच्या वाळूत सापडला, दुसऱ्या दिवशी.

रात्री होडेकरांनी नऊ रायफली उघडल्या,
चांगल्या स्प्रिंगा काढल्या
आणि टाकाऊच्या डब्यातल्या घातल्या.
मला वाटलं, म्हातारा चुकला.
मी कंदिलासारखी टॉर्च धरून उभी.
"फुसक्या काडतुसात दम नसतो," ते म्हणाले, वर न बघता.
"स्लाइड आपणहून मागे जात नाही.
दर बाराला हातानेच ओढावी लागते.
त्याच्याबरोबर जेवणारी पोरं आहेत उद्या रांगेत.
हात धड असतील का?"

मी पाचवी होते.
तीन बार. मधे दोनदा
नऊ हात मागे गेले आणि पुढे आले.
स्प्रिंग आली, विनातक्रार,
जुन्या दाराच्या कडीसारखी.
सुरुच्या झाडांवरून कावळे उडाले, बसले, पुन्हा उडाले.
तांडेलच्या धाकटीने माझ्या बुटाजवळचं
काडतूस उचललं. गरम आहे, म्हणेपर्यंत
तिने ओठांना लावून शिट्टी वाजवली.
तिला कुणी ओरडलं नाही.

सकाळी चांगल्या स्प्रिंगा परत घातल्या.
एक्केचाळीससाठी मी चौथी स्लाइड घेतली,
हातावर सगळ्यांत जड वाटली तिच्या खालची.
होडेकर तेव्हा मुद्दाम चिंध्या मोजत होते.
रेंजवर वीस फेऱ्या झाल्या,
वीस काडतुसं उजवीकडे, एकाच सूपभर जागेत.

नोंदवहीत थकलेल्या नऊ स्प्रिंगा
मोडीत लिहायच्या होत्या.
मी त्या तेलाच्या कापडात गुंडाळल्या
आणि वरच्या फळीवर, मागे, ठेवल्या.
होडेकरांनी बघितलं.
खिडकीतून हाक मारून
दोन चहा सांगितले.