बारदान वजा जाता

आडत्यानं दिलेल्या कॅलेंडरचं
सरलेलं नोव्हेंबरचं पान उलटं करून
मी तीन रकाने आखले.
पट्टी सरकली, मधला तिरका गेला.
तो केमिस्ट्रीला दिला.

वर लिहिलं : दोनशेपैकी दीडशे.
खाली त्याची फोड.
फिजिक्स पस्तीस, केमिस्ट्री एकोणचाळीस,
गणिताचे अडतीस प्रश्न, दुप्पट केले की शहात्तर.
बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा जुळली.
कागदावर मी माटुंग्याच्या सरकारी कॉलेजात पोचलेसुद्धा
आणि कोपरखैरण्यात अजून
सव्वानऊच वाजत होते.

गेल्या रविवारच्या सराव परीक्षेतले एकशे चार
मी त्या पानावर येऊ दिले नाहीत.

पप्पा जेवून उठले, हात पुसत तक्त्यापाशी आले.
सत्तावीस वर्षं ते कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
इंटिग्रेशनचं चिन्ह त्यांना
पोत्याच्या हुकासारखं दिसतं,
पण आकडा लपला तर ते बरोबर हुडकतात.
‘रोज अकरा तास’ ह्यावर बोट ठेवून म्हणाले,
‘ह्यातनं बारदान काढलंस का?’

मी हसले.
ते हसले नाहीत.
‘काट्याला काय ठाऊक गं,
कांदा किती, गोणपाट किती, बुडाला माती किती.
भरल्या पोत्याचं वजन कुणीबी सांगंल.
पैसं निव्वळाचं मिळत्यात.’

मग आम्ही दोघं बारदान काढत बसलो.
कॉलेजची हजेरी. जर्नलच्या आकृत्या.
साडेपाचचं पाणी, धाकट्याचा गृहपाठ,
मोबाइलवर ‘फक्त एक शंका’ बघायला जाऊन
हरवलेला पाऊण तास,
आणि हे सांगताना जीभ अडली,
पुस्तक उघडं ठेवून
पंख्याच्या तिसऱ्या पात्याकडे बघत राहणं.
हे सगळं मी आजवर
अभ्यास म्हणून मोजत होते.

निव्वळ उरले पावणेसहा.
मी सहा लिहिले.
पप्पांनी बघितलं आणि आंथरूण घालायला वळले.

मग एकशे चार बाहेर काढले, पानावर मांडले :
बावीस, तीस, बावन्न.
दीडशे खोडले नाहीत, वर राहू दिले, आकाशकंदिलासारखे.
डिसेंबरपुरते प्रत्येक विषयात फक्त दोन प्रश्न जास्त.
चोवीस, बत्तीस, छप्पन्न. एकशे बारा.
किती किरकोळ दिसतो हा आकडा,
घाऊक बाजारात कुणी हातातही धरणार नाही.
अकरावीचे वीस टक्के मी तळाला दडपून ठेवले होते,
ती गाठ सोडली.
फेब्रुवारीत बोर्ड, तो चौकोन कोरा.

‘आणि हे पर्सेंटाइल म्हंजे शंभरात किती?’
अंधारातून प्रश्न आला.
शंभरात नाही पप्पा. शंभरातले माझ्या मागे किती.
बराच वेळ काही नाही.
‘म्हंजे तुझं वजन
दुसऱ्याच्या पोत्यावर ठरणार.’

मला बोनकोड्याची सेजल म्हात्रे आठवली.
पालिकेच्या अभ्यासिकेत आम्ही एकाच टेबलाशी बसतो.
तिच्या वहीतून मी ऑरगॅनिक उतरवून घेते,
ती माझ्याकडून निश्चित संकलन.
ती एक प्रश्न सुधारली
की मी केसभर मागे सरकते,
हे दोघींनाही माहीत आहे.
काल तिनं डब्यातला अर्धा जवळा मला दिला
आणि विचारलं, तुझे किती आले?
मी म्हटलं, बघितलेच नाहीत अजून.
उद्या तिला एकशे चार सांगायचेत.
हे तक्त्यात कुठल्या रकान्यात घालू?

पहाटे पप्पा गेलेले. कडी हळूच लावलेली.
मी दिवा लावला, गणिताची वही ओढली
आणि नजर वर गेली.
माझ्या सहावर एक आडवी रेघ,
शेजारी आडतीवर शिकलेल्या जुन्या रीतीनं
५॥।
आणि त्याखाली, मापाच्या पावतीवर करतात तशी,
त्यांची सही.