घंगाळाएवढी खुर्ची

छप्पनचा सिंहस्थ उरकला
आणि तांबट आळीतली ठोकठोक विरळ झाली.
बोहरपट्टीत कुणीतरी स्टीलचं पहिलं ताट टांगलं होतं.
दादा त्यात तोंड बघून आले,
आईला म्हणाले, नाक वाकडं दिसतं.

पुढल्या उन्हाळ्यात देवळालीहून टांगा आला.
खोर्शेदबाई, मांडीवर विलायती मासिक,
मासिकात हिरवळ, हिरवळीवर
नळीची एक खुर्ची, इतकी हलकी
की तिच्यापेक्षा तिची सावली जड वाटावी.
"मार्तंड, असा बनवते काय तू? बारा पायजे."
सॅनिटोरियमच्या बागेसाठी.
सागवानी आरामखुर्च्या पावसात फुगतात,
आणि खोकणाऱ्या माणसानं, त्या म्हणाल्या,
खुर्चीत बुडू नये.

दादांनी कागदावर रेघ काढली नाही.
छावणीच्या लिलावातून पाऊण इंची नळ्या आणल्या,
दारणेची वाळू चाळली, उन्हात वाळवली,
नळीत ठासून भरली,
दोन्ही तोंडांना बाभळीच्या गुट्ट्या.
रिकामी नळी वाकवली तर मुडपते,
भरलेली वळते.
एवढंच त्यांनी मला शिकवलं,
तेही मी विचारलं म्हणून.

बैठकीचा गोल कशावरून घ्यायचा?
मासिकातला लांबुळका होता, कुणाच्या तरी कंपासातला.
आमच्याकडे सिंहस्थातून परत आलेलं घंगाळ होतं,
दोन कड्यांचं, गिऱ्हाईक न मिळालेलं.
ते अंगणात पालथं घातलं,
काठाभोवती लोखंडी खुंट्या ठोकल्या,
घंगाळ उचललं
आणि लाल तापलेली नळी खुंट्यांमधून फिरवली.

विणकाम माझ्याकडे आलं. सातवीत होते.
प्लास्टिकची वायर, पोपटी आणि पिवळी,
ओढायची, अजून ओढायची,
दर तिसऱ्या फेऱ्याला गाठ.
पेरं सोलून निघायची.
शाळेत बाईंनी विचारलं, हाताला काय झालं?
म्हटलं, खुर्ची.

दादा स्वतः कधी बसले नाहीत.
जन्म उकिडवा गेला.
चाचणीला तालमीतले रंगनाथ भोई यायचे,
धपकन बसायचे, विडी संपवायचे, उठायचे.
खुर्ची पास.

बाराव्या खुर्चीतली वाळू पुरती निघेना.
उलटी टांगली, काठीनं ठोकली,
कुठल्याशा वळणात पसाभर अडकून बसली.
बाईंना घाई होती.
तशीच गेली.

मग क्लबातून मागणी आली, ओझरच्या बंगल्यांतून आली,
सातपूरच्या साहेबांना सहा-सहाचा सेट लागे.
बारा-पंधरा वर्षं बरी गेली.
आणि एका लग्नाच्या मांडवात
पांढऱ्या, साच्यातून ओतलेल्या, एकात एक घुसलेल्या
दोनशे खुर्च्या.
दादांनी त्यातली एक करंगळीवर उचलून पाहिली.
"हलकी आहे," म्हणाले,
आणि पंगतीला जाऊन बसले.

परवा नातीनं गंगापूर धरणाकडे नेलं,
द्राक्षांच्या मळ्यातल्या हॉटेलात.
हिरवळीवर खुर्ची. नव्यानं विणलेली, पांढरी दोरी,
गाठी दर पाचव्या फेऱ्याला, आळशी.
शेजारी पितळी पट्टी:
मिड-सेंच्युरी, डॅनिश शैली, कारागीर अज्ञात.
मी वीत लावून बघितली.
अडीच वीत आणि दोन बोटं.
डेन्मार्कात घंगाळं असतात काय ग, मी नातीला विचारलं.
ती फोटो काढत होती.

मागचा पाय धरून खुर्ची हळूच कलती केली.
आत कुठेतरी
सरसरत काहीतरी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर गेलं.

वेटर धावत आला.
मॅडम, दुसरी देतो, ही वाजते,
हिच्यावर कुणी बसत नाही.

मी बसले. चहा सांगितला.
चहा मिळत नाही म्हणे तिथे.