बावन्न किलो

सातव्या मजल्यावर, गॅलरीच्या स्लॅबखाली
आग्यामोहोळ लागलं
आणि आम्ही पडद्याआड गेलो.
रात्री दिवे लावायचे नाहीत,
खळदकरांनी लिफ्टमध्येच बजावलं,
माश्या उजेडावर येतात.
सगळी धायरी झगमगत असताना
आमच्याच खिडक्यांना ग्रहण.
वर पोळं, खाली मोबाइलच्या उजेडात
मी पोळ्या लाटत होते.

तसं कुणी घुसणं नवं नव्हतं.
एक्झॉस्टच्या पंख्यात गांधीलमाशीने संसार थाटला होता.
कुंभारणीने लॅचच्या भोकात माती भरली,
किल्ली आत जाईना,
दोन तास शेजारी चहा पीत बसले.
डक्टमधून घूस आली, मशीनची नळी कुरतडून गेली.
आणि कबुतरं! एसीमागे तीन काड्या टाकायच्या
आणि त्यालाच घर म्हणायचं.
मी भोकं बुजवत राहिले:
एमसील, डांबरगोळ्या, सिमेंटमध्ये काचेचा चुरा,
तव्यावर जाळलेली कॉफी.
घराला एवढी भोकं असतात
हे घर घेताना कुणी सांगत नाही.

तात्या मात्र मोहोळाला भ्यायले नाहीत.
दुपारी माझा डोळा लागला की
दार उघडून बरोबर त्याच्याखाली खुर्ची टाकायचे.
डेअरीत एकतीस वर्षं कॅन मोजले,
तो हात अजून मोजत होता.
"एकशे चाळीस गेल्या,
एकशे एकोणचाळीस आल्या.
एक कमी आहे."
माझं नाव विचारलं तर
विषय बदलायचे.

बाबाजान मुलाणी आले अंधार पडल्यावर,
दोर, बादली, गोणपाट
आणि लिंबाचा ओला पाला घेऊन.
"मारत नाही ताई, उठवतो."
धूर वर चढला, आणि काळोखात
एक अख्खी भिंत गुणगुणत निघून गेली.
स्लॅबवर मेणाची चंद्रकोर उरली,
ती त्यांनी खरवडली, वर रॉकेल चोळलं.
मधाचा डबा माझ्या हातात देताना म्हणाले,
"आठ-दहा दिवस भटक्या येत राहतील.
जागा आठवते त्यांना,
घर उठलंय ते कळत नाही.
दार लावून घेत जा."
दार मी लावतच होते.
वरची कडी, तात्यांचा हात पोचणार नाही अशी,
श्रावणातच बसवून घेतली होती.
एकदा ते नांदेड फाट्यावर सापडले,
पायात एकच चप्पल,
पाच वाजताची गाडी शोधत.

मग जाळीवाला. मौनेश, यादगीरचा,
गच्चीवरून दोराने उतरला,
रेलिंगवर बसून ड्रिल चालवू लागला.
"कबुतरांसाठी एवढी जाड कशाला?
बारीक लावा, निम्म्यात होईल."
जाडच लाव, म्हटलं.
खालपासून वरपर्यंत. हूक जवळजवळ.
तेवढ्यात तात्या आले,
रेलिंगच्या खालच्या दांडीवर एक पाय ठेवून
वाकून
हवेत काहीतरी मोजू लागले.
मौनेशने ड्रिल थांबवलं.
त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि फक्त एवढंच विचारलं,
"किती किलो पेलायला पाहिजे?"

बावन्न, मी म्हटलं.
गेल्या आठवड्यातच दवाखान्यात वजन केलं होतं.

आता दिवे लावते.
कबुतरं जाळीशी येतात, आपटतात,
समोरच्या इमारतीत राहायला गेलीत.
खळदकर म्हणतात, छान काम झालं,
आम्हालाही नंबर द्या.
परवा तिन्हीसांजेला एक माशी आली.
जाळीच्या भोकातून सहज आत,
रॉकेलचा वास ओलांडून
नेमकी त्याच जागी जाऊन बसली.

"आली," तात्या म्हणाले.

मी दारात उभी होते, हातात पोळपाट.
जुळला का हिशेब? मी विचारलं.
ते खुर्चीतून उठले, सदरा नीट केला,
पाहुण्याला करावा तसा हात पुढे केला:
"आपण कुणाकडे आलात?
या ना, बाहेर का उभ्या?"